जिन्यातल्या नऊ कुंड्या

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो तर इमारतीच्या दारावर नोटीस. एक पान, खाली कुणाची सही नाही, नुसता इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचा शिक्का. जिन्यात ठेवलेल्या सगळ्या वस्तू शुक्रवारपर्यंत हलवाव्यात, नाहीतर मालकाच्या खर्चाने त्यांची विल्हेवाट लावली जाईल. खाली वस्तूंची यादी: चपलांचे स्टँड, बाबागाड्या, सायकली, कुंड्या.

पुण्या-मुंबईत सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही ही नोटीस ओळखीची वाटेल. मी मात्र राहतो जर्मनीत, ड्रेस्डेनमध्ये. आणि इथे नोव्हेंबरात कुंडी घराबाहेर काढणं म्हणजे ती मारणं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, खिडकीखाली, नऊ कुंड्या होत्या. सहा खालच्या मजल्यावरच्या आजींच्या: तीन जिरेनियम, दोन फ्युशिया, एक कण्हेर. तीन माझ्या: कढीपत्ता, लिंबू, मोगरा. (त्यांना मी तोंडावर 'फ्राऊ' लावून आडनावानेच हाक मारतो. 'आजी' फक्त मनातल्या मनात आणि या लेखात.) आजींच्या सहा कुंड्या तिथे वीसेक वर्षं हिवाळा काढत होत्या आणि कुणी हरकत घेतली नव्हती. सहाच्या नऊ झाल्या आणि नोटीस आली. म्हणजे नोटिशीला कारण मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर तोंडसुख घेणार आहे.

आधी माझा गुन्हा

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मूळचा सांगलीकडचा, पुण्यात इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग इथे. पहिल्या वर्षी मे महिन्यात पंचवीस युरो मोजून कढीपत्त्याचं वीतभर रोप आणलं. उन्हाळाभर बाल्कनीत ते झकास वाढलं. ऑक्टोबरात थंडी पडल्यावर आत घेतलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. कट्ट्याखाली हीटर. खोलीत बावीस अंश. रोज पाणी, रविवारी खत. डिसेंबरात पानं पिवळी पडून गळायला लागली, तसं मी पाणी वाढवलं. जानेवारीत खोड खालून काळं पडलं.

दुसऱ्या वर्षी दुसरं रोप. या वेळी जांभळा उजेड पाडणारा दिवाही आणला. पानांच्या मागे बारीक जाळी दिसायला लागली. लाल कोळी. हीटरवरची कोरडी हवा त्यांना फार मानवते. फेब्रुवारीत तेही गेलं.

तिसऱ्या वर्षी मी तिसरं रोप घेऊन जिना चढत होतो तेव्हा आजींनी थांबवलं. "मागच्याचं काय झालं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याला झोपूच देत नाही." आणि खिडकीखालची आपली एक कुंडी सरकवून त्यांनी माझ्यासाठी जागा केली.

सवयीने मी तिथे दहा युरोचा एक तापमान नोंदवणारा सेन्सर चिकटवला. नोव्हेंबर ते मार्च: कमीत कमी पाच अंश, जास्तीत जास्त बारा. जिन्याला हीटर नाही, पण दोन्ही बाजूंच्या घरांची थोडी ऊब झिरपते, म्हणून गोठत नाही. पूर्वेला मोठी खिडकी. कुठल्याही माळ्याला विचारा, नाजूक झाडांच्या हिवाळ्यासाठी याहून चांगली जागा तो सांगू शकणार नाही.

हिरवं म्हणजे जिवंत?

पहिलं भांडण आपल्याच लोकांशी. दर ऑक्टोबरात इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न येतो: कढीपत्ता कसा वाचवायचा? आणि तीच उत्तरं येतात: घरात घ्या, उबेत ठेवा, कोमट पाणी घाला, दिवा लावा. ही उत्तरं चुकीची आहेत. मी दोन रोपं मारून हे शिकलो, तुम्ही फुकट शिका.

ड्रेस्डेन ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, त्यातही बहुतेक वेळ राखाडी ढग. काचेतून आत येणारा उजेड उन्हाळ्यातल्या बाल्कनीच्या तुलनेत अगदीच किरकोळ. झाड उजेडावर अन्न बनवतं आणि श्वसनात ते खर्च करतं. श्वसनाचा वेग तापमानावर ठरतो. ढोबळमानाने दर दहा अंशांना तो दुप्पट होतो. म्हणजे बावीस अंशांच्या खोलीत झाडाचा खर्च बारा अंशांच्या दुप्पट, आणि कमाई मात्र दोन्हीकडे तेवढीच तुटपुंजी. फोनचा ब्राइटनेस फुल, सगळी ॲप्स चालू आणि चार्जर तुटक्या केबलचा, अशी ती अवस्था. बॅटरी संपणारच. जाड खोडाचं झाड साठवलेल्या अन्नावर काही महिने तग धरतं, वीतभर रोप धरत नाही.

त्यावर आपण पाणी ओततो. पानं गळालेल्या झाडाला पाणी लागतच नाही. ते मातीत साचतं, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात. मुळं कुजली की पानं आणखी सुकतात, आणि ती सुकलेली बघून आपण आणखी पाणी घालतो. हिवाळ्यात कुंड्यांतली झाडं थंडीने मरतात त्याहून जास्त आपल्या मायेने मरत असतील, असं मला वाटायला लागलंय.

लिंबाची गोष्ट आणखी बोलकी आहे. थंड खोलीत त्याची मुळं गारठून काम थांबवतात. मग फेब्रुवारीत एक दिवस लख्ख ऊन पडतं, काचेमागची पानं तापतात आणि पाणी मागतात. खालून पुरवठा बंद. झाड सरळ पानं टाकून देतं. आपण घाबरून ते हीटरजवळ नेतो. खरं तर तेव्हा त्याला उन्हापासून थोडं आडोशाला सरकवावं, म्हणजे मागणी कमी होईल. पुरवठा आणि मागणी जुळत नसेल तर मागणी कमी करावी, हे सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला कुणी शिकवायला नको होतं. तरी ते आजींनी शिकवलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: झाड हिरवं दिसतंय म्हणजे जिवंत, नुसती काडी उरली म्हणजे मेलं. ही समजूत आपल्याकडे कुठून आली हे मला कळत नाही, कारण ती आपल्या शेतीची नाही. माझ्या आजोबांची हळद होती. मे-जूनमध्ये लागण, आठ-नऊ महिन्यांनी काढणी. शेवटी पाणी तोडायचं, पाला पिवळा होऊन वाळू द्यायचा, मग कंद खणायचे. लहानपणी वाळलेलं शेत बघून मी विचारलं होतं, "मेली का सगळी?" आजोबा म्हणाले होते, "मरतीय कशाला? पिकली." त्यातले निवडक गड्डे बेण्याला. ते सावलीत ढीग करून, वर हळदीचाच वाळका पाला घालून पुढच्या लागणीपर्यंत राखायचे. मधल्या काळात ना पाणी, ना माती. दोन-तीन महिने ते नुसते पडून असायचे, आणि घरातलं कुणीही त्यांना मेलेलं म्हणत नसे.

विदर्भातला संत्रा बागायतदार तर झाडाला मुद्दाम झोपवतो. बहर धरायचा म्हणून बागेचं पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, पानं मलूल होऊ देतो. ताण बसला की मग पाणी, मग फुलं. आपल्या भाषेत या विश्रांतीला स्वतंत्र शब्द आहे. कोकणात सुरण वाळून जमिनीखाली गुडूप होतो, शेवळं पहिल्या पावसापर्यंत अंगावर मातीही हलू देत नाहीत. आपली झाडं उन्हाळ्यात झोपतात, इथली हिवाळ्यात, एवढाच फरक. पण विमानात बसल्यावर आपण हे सगळं विसरतो आणि कढीपत्त्याने जानेवारीतही फोडणीला पानं द्यावीत असा हट्ट धरतो.

आता तुळस. तिच्याबद्दल बोलायला मला जरा धीर गोळा करावा लागतो. तुळस दहा अंशांखाली टिकत नाही, आणि तशीही ती फार वर्षं जगणारी नाही. आपल्याकडे कार्तिकात तिचं लग्न लागतं, इथे नेमक्या त्याच दिवसांत पहिली कडाक्याची थंडी पडते. दर वर्षी ग्रुपवर कुणाची तरी तुळस जाते, मग 'अशुभ', मग आईचा फोन, मग रडारड. अहो, मंजिऱ्या वाळू द्या, बी चुरून कागदी पाकिटात ठेवा, मार्चअखेर खिडकीत पेरा. बी हेच तुळशीचं हिवाळ्यातलं रूप आहे. पाकिटात तुळस आहेच. मेलं ते फक्त मागच्या वर्षीचं खोड.

आणि एक गोष्ट जरा कडक शब्दांत. "या खेपेला आईच्या बॅगेतून रोप मागवतो" हे बंद करा. १४ डिसेंबर २०१९पासून युरोपीय संघात प्रवाशाला वनस्पतींच्या आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय जिवंत रोप आणता येत नाही. सूट आहे ती फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. हा नियम निव्वळ खडूसपणा नाही. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. सिट्रस सायला नावाची बारीक कीड त्याच्यावर सुखाने राहते आणि ती ग्रीनिंग नावाचा रोग पसरवते. फ्लोरिडात २००५मध्ये हा रोग सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांची त्याने वाट लावली. विदर्भातल्या बागांनाही तो परका नाही. एका फोडणीसाठी स्पेनमधल्या शेतकऱ्याची बाग पणाला लावायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही. आहे ते रोप नीट झोपवा, म्हणजे बॅगेतून आणायची वेळच येणार नाही.

'एकवर्षी' नावाची थाप

दुसरं भांडण बाजाराशी. इथे मे महिन्यात दुकानांबाहेर फुलझाडांच्या रांगा लागतात. ११ ते १५ मे या दिवसांना इथले लोक 'हिमसंत' म्हणतात. त्या संतांच्या थंडीची शेवटची लाट गेली की नाजूक झाडं बाहेर लावायची, असा जुना संकेत. जिरेनियम, बेगोनिया, फ्युशिया, डेलिया. पैकी बऱ्याच कुंड्यांवर लेबल असतं: एकवर्षी. ऑक्टोबर उजाडला की हीच झाडं, बहुतेक वेळा फुलांसकट, हिरव्या कचऱ्याच्या डब्यात.

यातलं एकही झाड एकवर्षी नाही. आपण जिरेनियम म्हणतो ते पेलार्गोनियम. मूळ दक्षिण आफ्रिकेतलं, तिथे ते झुडूप होऊन वर्षानुवर्षं जगतं. डेलिया मेक्सिकोच्या डोंगरातली, जमिनीत कंद ठेवून दर वर्षी नव्याने उगवणारी. हिला इथली थंडी सोसत नाही एवढाच तिचा दोष. एखाद्याला पोहता येत नाही म्हणून त्याचं आयुष्य नदीच्या काठापर्यंतच, असं म्हणण्यासारखं हे लेबल आहे.

या थापेची किंमत बघा. युरोपात विकल्या जाणाऱ्या जिरेनियमच्या कलमकाड्या मोठ्या प्रमाणावर केनिया, युगांडा, इथिओपियातल्या काचघरांत आणि शेडमध्ये काढल्या जातात. तिथे हातांनी खुडायच्या, थंड पेट्यांत भरून विमानाने आणायच्या, इथल्या तापवलेल्या काचघरात मुळं फुटू द्यायची, प्लॅस्टिकच्या कुंडीत पीट भरून लावायच्या. पीट म्हणजे हजारो वर्षांत साचलेला दलदलीतला कर्ब, तो खणून काढायचा. एवढं करून पाच महिने फुलं, मग कचरा, मग मे महिन्यात पुन्हा विमान. आणि हेच झाड छाटून, जवळजवळ कोरडं ठेवून, पाच ते दहा अंशांत पडून राहिलं असतं तर मार्चमध्ये फुकट फुटलं असतं. जुन्या काळी इथल्या बायका जिरेनियम मुळांसकट उपटून, माती झटकून, कागदात गुंडाळून तळघरात उलटं टांगायच्या. मी हे ऐकलं तेव्हा हसलो होतो. मग आजींनी टांगून दाखवलं.

"पण दोन-तीन युरोच्या झाडासाठी एवढी उठाठेव कोण करणार?" असं माझा सहकारी म्हणतो. पाच मिनिटांची छाटणी आणि महिन्यातून एकदा कपभर पाणी, याला तो उठाठेव म्हणतो. आणि दोन-तीन युरोत ते झाड मिळतं, कारण त्याची खरी किंमत दुसरंच कुणीतरी भरतंय. आम्ही आयटीतले लोक जुना फोन दुरुस्त न होण्यावरून तावातावाने बोलतो, दुरुस्तीचा हक्क मागतो. पण झाड दुरुस्तही करावं लागत नाही. ते नुसतं पडू द्यावं लागतं, आणि तेवढंही आपल्याला जमत नाही.

थंड खोली कुठे गेली?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बरं बाबा, झोपवतो, पण कुठे? हा प्रश्न रास्त आहे आणि माझं तिसरं आणि खरं भांडण इथेच आहे.

जुन्या जर्मन घरात थंड जागा आपोआप असायच्या. खाली 'केलर', म्हणजे मातीच्या गारव्याचं तळघर. बटाटे, सफरचंदं, कोळसा आणि डेलियाचे कंद तिथेच. कडाक्याच्या थंडीने डेलियाचा पाला काळा पडला की वीतभर दांडा ठेवून कापायचा, कंद अलगद खणायचे, दांड्यातलं पाणी निथळावं म्हणून दोन-तीन दिवस उलटे ठेवायचे, मग कोरड्या वाळूत नाहीतर भुशात. चार ते आठ अंश. महिन्यातून एकदा बघायचं, कुजलेला भाग कापून टाकायचा. एक काळजी महत्त्वाची: कंद दांड्याच्या बुडापासून तोडायचा नाही, डोळे तिथेच असतात. डोळा नसलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी फुटत नाही. हळद लावणाऱ्याला हे निराळं सांगावं लागत नाही.

आजींचेही डेलियाचे कंद आमच्या केलरमध्ये असत. मग इमारतीचं नूतनीकरण झालं आणि गरम पाण्याचे नवे पाइप केलरमधून गेले. आता तिथे जानेवारीत अठरा अंश असतात. त्या वर्षी कंद वाळून मनुका झाले. आजींनी डेलिया सोडली. फ्युशिया पानं झडल्यावर अंधारातही राहतात, म्हणून पूर्वी त्या केलरमध्ये असत. त्यांनाही जिन्यात यावं लागलं. आणि आता जिन्यातूनही हुसकावलं.

जिन्याच्या नियमाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. आग लागली तर जिना हीच सुटकेची वाट. धुरात कुणी कुंडीला अडखळून पडू नये. आमचं वळण प्रशस्त असलं तरी नियम प्रत्येक जिन्यासाठी वेगळा करता येत नाही, हेही मला मान्य. माझा राग नियमावर नाही, नियमापुढच्या पोकळीवर आहे. केलर तापवताना कुणी विचारलं नाही की इथे काय ठेवलंय. जिना रिकामा करताना कुणी विचारलं नाही की हे जाणार कुठे. बाहेर उणे तापमान असलेल्या आठवड्यात चार दिवसांची मुदत. मी फोन केला, मार्चपर्यंत सवलत मागितली. पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला, "झाडं तुम्ही घरातही ठेवू शकता." घरात बावीस अंश आहेत, हे त्याला समजावणं मला जमलं नाही. नव्या घरात सगळीकडे बावीस अंश असतात. थंडीने न गोठणारी आणि हीटरने न तापणारी अशी मधली जागाच आता घरातून काढून टाकलीय.

एका एतद्देशीय सहकाऱ्याचं गावाबाहेर घर आहे, त्याला खिडकीचं गॅरेज. तो हो म्हणाला. बुधवारी आणि गुरुवारी रात्री मी ट्रामने आठ कुंड्या नेल्या, जाडसर कागदात गुंडाळून, एका खेपेला दोन. लोक माझ्याकडे बघत होते. बघू देत.

राहिली नववी, कण्हेर. माझ्या डोक्यापेक्षा उंच, कुंडी चाळीस लिटरची. आजींच्या नवऱ्याने ती लावलेली, तेव्हा ते दोघे नव्याने या इमारतीत आलेले. ट्राममध्ये ती चढणं शक्य नव्हतं. व्हॅन भाड्याने घ्यायला साठ-सत्तर युरो पडले असते. मी तो आकडा फोनवर बघितला, ॲप बंद केलं आणि आजींना म्हणालो, "सॉरी, ही मावत नाही." शुक्रवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून ती फुटपाथवर नेली. आजींनी पुठ्ठ्यावर लिहिलं: मोफत, घेऊन जा. खाली एक ओळ: विषारी आहे, मुलांना जपा. कण्हेर दोन-चार अंश उणे कशीबशी सोसते. त्या रविवारी उणे नऊ झालं. सोमवारी सकाळी कुंडी तिथे नव्हती. कुणी नेली की कचऱ्याच्या गाडीने, आम्हाला कळलं नाही. आजी म्हणाल्या, कुणीतरी नेलीच असणार. मीही हो म्हणालो.

चोपन्न टनांचं घर

आमच्या शहराच्या कडेला, एल्ब नदीकाठी, पिल्निट्झ नावाचा राजवाडा आहे. त्याच्या बागेत एक कॅमेलिया आहे, जपानी. १८०१ साली ती उघड्यावर लावली गेली, आज जवळपास नऊ मीटर उंच आहे. कॅमेलियाला इथली थंडी झेपत नाही. म्हणून दर हिवाळ्यात तिच्याभोवती तात्पुरतं लाकडी घर उभं करत. १९०५च्या जानेवारीत त्या घराला आग लागली, बाहेर उणे वीस अंश. विझवायला मारलेलं पाणी झाडावरच गोठलं, बर्फाचा कोट झाला, आणि त्या कोटाने झाड वाचवलं. ते पुन्हा फुटलं.

१९९२पासून तिला काचेचं घर आहे. तेरा मीटर उंच, चोपन्न टन वजन, रुळांवरून सरकणारं. थंडी आली की घर सरकत झाडावर येतं, मे महिन्यात बाजूला होतं. आत कॉम्प्युटर तापमान, आर्द्रता, हवा, सावली सांभाळतो. तापमान किती? चार ते सहा अंश. आमच्या जिन्यापेक्षाही कमी. फेब्रुवारीपासून हजारो फुलं येतात आणि लोक तिकीट काढून बघतात. मीही बघितलीत. भारी आहे.

म्हणजे या शहराला सगळं माहीत आहे. झाडाला गारवा लागतो, ऊब नाही. झोपलेलं झाड मेलेलं नसतं. दोनशे वर्षांचं झाड ही माणसांनी एकमेकांच्या हातात दिलेली गोष्ट असते. तीनशे वर्षांपूर्वी व्हर्सायच्या राजाने याच ज्ञानावर संत्र्यांसाठी दगडी महाल बांधला. १६८६ला तो पुरा झाला, आणि तिथली कुंड्यांतली झाडं आजही मेच्या मध्याला बाहेर आणि ऑक्टोबरच्या मध्याला आत जातात. राजाची संत्री महालात, सरकारी कॅमेलिया रुळांवरच्या काचघरात, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीची कण्हेर शुक्रवारपर्यंत फुटपाथवर. ज्ञान कमी पडलं असं कृपा करून कुणी म्हणू नये. ते कुणासाठी वापरायचं हे ठरलेलं आहे.

मला चोपन्न टन नकोत. आमच्या इमारतीच्या मागे सायकलींची खोली आहे. हीटर नाही, दक्षिणेला खिडकी, सुटकेच्या वाटेवर नाही. तिच्या एका भिंतीला फळ्या ठोकल्या की चौदा घरांच्या कुंड्या मावतील. हे मी कंपनीला पत्रात लिहिलं, सेन्सरच्या आकड्यांचा तक्ता जोडला, अकरा घरांच्या सह्या घेतल्या. दारोदार फिरताना कळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या सिरियन कुटुंबाची चमेली दर हिवाळ्यात मरते आणि तळमजल्यावरच्या पोराचं लिंबू बियांपासून वाढवलेलं आहे. चार वर्षं एकाच जिन्यातून जात होतो, आणि कुणाला कुणाचं झाड माहीत नव्हतं.

पत्राला उत्तर अजून आलेलं नाही. तुम्ही जिथे असाल तिथे अशी खोली शोधा. इथल्या काही नर्सऱ्या पैसे घेऊन कुंड्या हिवाळाभर सांभाळतात, तेही विचारा. आणि देश कुठलाही असो, सोसायटीच्या मीटिंगला जा. कुंड्या हलवा म्हणणारा माणूस तिथे नेहमीच हजर असतो. कुठे हलवायच्या, हे विचारणाराही कुणीतरी लागतो.

मार्चअखेर मी गॅरेजमधून आठ कुंड्या परत आणल्या. एक फ्युशिया गेली होती. माझ्या कढीपत्त्यावर एकही पान नव्हतं, नुसत्या दोन काड्या. नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. पाणी बेतानेच घातलं आणि वाट बघितली. १ मेला तांबूस टोक दिसलं. आजींना दाखवायला खाली गेलो. त्यांनी चष्मा लावून बघितलं, मान हलवली. मग त्यांची नजर खिडकीखालच्या मोकळ्या जागेकडे गेली. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

या ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारसाठी मी व्हॅन बुक केलीय. खर्च सहा घरांत वाटलाय, प्रत्येकी बारा युरो.